गिरणीचा धूर आणि आमचा मोहल्ला

धुळ्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही शिकवतो. इतिहासाच्या तासाला औद्योगिक क्रांतीचा धडा संपला की दरवर्षी आम्ही मुलांना एक चित्र काढायला लावतो. विषय ठरलेला, प्रदूषण. चित्रेही ठरल्यासारखीच येतात. एक भलामोठा कारखाना, त्याचे आभाळाला टेकलेले धुराडे, काळा धूर, खाली नदी आणि नदीत उलटे पडलेले मासे. दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलाने चित्र काढलेच नाही. त्याचे वडील लूमवर कामाला आहेत. आम्ही कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, अपने गाँव की मिल तो कब की बंद हो गई. फिर अम्मी की खाँसी क्यों बंद नहीं होती?"

वर्ग हसला. आम्ही मात्र निरुत्तर झालो. बी.एड.ला आम्हाला प्रश्न कसा विचारावा हे शिकवले होते. असा प्रश्न आला तर काय करावे हे शिकवले नव्हते. पाठ्यपुस्तकात मँचेस्टर आहे, वाफेचे इंजिन आहे, मुंबईतील गिरण्याही आहेत. जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव इथल्या गिरण्यांचे काय झाले आणि त्या बंद पडल्यावर त्यांचा धूर कुठे गेला, हे मात्र कुठे नाही. त्या मुलाला द्यायचे उत्तर शोधता शोधता हा लेख तयार झाला.

कापसाभोवतीची माणसे

खानदेशचा इतिहास शिकवताना आपण फारुकी राजवटीपासून सुरुवात करतो. १३८२ ते १६०१ ही तिची सव्वादोनशे वर्षे. थाळनेर, असीरगड आणि बुऱ्हाणपूर ही तिची ठाणी. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला. पण राजे बदलले तरी या मुलखाचा खरा धनी एकच राहिला, तो म्हणजे कापूस. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने बुऱ्हाणपूरचे तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया आणि पोलंडपर्यंत जात असल्याची नोंद केली आहे. त्याच बुऱ्हाणपूरला अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून आणि कुंड्यांतून शहरात आणले गेले. कुंडी भंडारा म्हणून ते आजही पाहायला मिळते. कापड विणणाऱ्या शहराला आधी पाणी लागते, आणि ते स्वच्छ लागते, ही गोष्ट चारशे वर्षांपूर्वीच्या कारभाऱ्यांना कळत होती.

या कापसाभोवती आमच्या बिरादऱ्या उभ्या राहिल्या. कापूस पिंजणारे पिंजारी, विणणारे मोमीन, रंगवणारे रंगरेज, छापणारे छिपा. नावे वेगवेगळी असली तरी पोटाचा धागा एकच. १८५७ नंतर अवध आणि पूर्वांचलातून, म्हणजे आझमगड, बनारस, अलाहाबादकडून विणकर कुटुंबे आग्रा रोडने दक्षिणेकडे निघाली. कुणी बुऱ्हाणपुरात थांबले, कुणी धुळ्यात, कुणी मालेगावात, तर कुणी थेट भिवंडीपर्यंत गेले. आमच्या घरातील म्हाताऱ्यांच्या बोलण्यात पूरबचे शब्द अजून डोकावतात ते त्यामुळेच. बाजारात मात्र तीच माणसे अहिराणीत भाव करतात.

त्या काळी सारे निर्मळ होते असे आम्ही म्हणणार नाही. निळीच्या कुंडांची दुर्गंधी सहन होण्यासारखी नसते. पण रंग झाडपाल्याचा होता. लाल रंग आल नावाच्या झाडाच्या मुळीतून काढत. जे नदीत जाई ते थोडे असे आणि नदी ते पचवत असे. पांझरेवर तर फड पद्धतीची शेती होती. छोटे बंधारे, त्यांचे पाट, आणि पाण्याची वाटणी गावकऱ्यांनी मिळून केलेली. पुढे विश्वेश्वरय्यांसारखा अभियंता नोकरीच्या सुरुवातीला, १८८४ च्या सुमारास, धुळ्याच्या भागात आला आणि त्याने दातर्तीला कालवा ओलांडून नेण्यासाठी नळाचा सायफन बसवला. ज्या नदीवर एवढी बुद्धी खर्च झाली, तिच्या काठावर आज आम्ही नाकाला रुमाल लावून उभे राहतो.

भोंग्याचे दिवस

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला जिल्ह्याचे ठाणे केले आणि आखीव पेठा वसवल्या. पण शहरांचे नशीब पालटले ते १८६१ ते १८६५ या काळात. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि तिथल्या व्यापाऱ्यांचे डोळे खानदेश-वऱ्हाडाकडे वळले. याच सुमारास रेल्वे आली. जळगाव मुख्य मार्गावर पडले, म्हणून ते वाढले. जीन आले, प्रेस आले, आणि १८७० च्या दशकात मुळजी जेठांची कापड गिरणी जळगावात उभी राहिली. मुंबईचे मुळजी जेठा मार्केट आणि जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय ही नावेही याच घराण्याची. धुळ्याला रेल्वे पोचायला १९०० साल उजाडले, तीही चाळीसगावहून आलेली एक फांदी म्हणून. १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रतापशेठांनी अमळनेरला प्रताप मिल काढली. पुढे धुळ्यात न्यू प्रताप मिल झाली आणि चाळीसगावातही गिरणी निघाली. चार गावे, चार भोंगे.

आमचे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, धुळ्याच्या गिरणीत साचेखात्यात होते. घरी हातमाग होता, पण मिलच्या कापडापुढे त्याचा भाव टिकेना, म्हणून ज्या मिलने हातमाग मारला तिच्याच दारात ते उभे राहिले. ते सांगत, "फजर की अजान और मिल का भोंगा, इन दो आवाजों पर पूरा मोहल्ला उठता था." घरी घड्याळ नव्हते, भोंगा होता. शादीच्या बोलणीत मुलगा मिलमध्ये आहे म्हटले की पुढचे प्रश्न थांबत. धुराड्यातून धूर निघतो आहे म्हणजे चूल पेटणार, असा साधा हिशेब होता. धूर वाईट असतो हे त्यांना कुणी सांगितले असते तर ते हसले असते.

पण धूर आपले काम करत होता. पिंजण आणि सूतखात्यात कापसाची बारीक धूळ सतत उडते. ती वर्षानुवर्षे छातीत गेली की फुफ्फुसाच्या नळ्या आवळतात. वैद्यकशास्त्रात या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण अशी की साप्ताहिक सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती अधिक दाटते. म्हणून इंग्लंडमध्ये त्याला सोमवारचा ताप म्हणत. दादांना ते नाव ठाऊक नव्हते. ते एवढेच म्हणत, "सुट्टी रास नहीं आती." आम्ही लहानपणी हा त्यांचा विनोद समजत होतो. पुढे त्या आजाराबद्दल वाचले तेव्हा कळले की विनोद नव्हता, लक्षण होते.

पाण्याचेही तसेच. विणण्याआधी ताण्याच्या सुताला कांजी लावतात, म्हणजे सूत तुटत नाही. नंतर कापड धुताना ती कांजी, ब्लिचिंगचे क्लोरीन, कॉस्टिक सोडा आणि शिल्लक रंग असे सारे पाण्याबरोबर बाहेर पडते. कांजी तर खाण्याचीच वस्तू, तिने काय बिघडते, असे वाटेल. पण ती पाण्यात कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. मासे विषाने मरतात तसे श्वास कोंडूनही मरतात. मुलांच्या चित्रातले उलटे मासे त्या अर्थाने खोटे नाहीत.

या गिरण्यांचा इतिहास लढ्यांचाही आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असलेले साने गुरुजी पुढे गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले. १९४६ मध्ये अमळनेरच्या कामगारांवर गोळीबार झाला आणि कामगार मारले गेले. त्या हुतात्म्यांवर अण्णा भाऊ साठे यांनी पोवाडा रचला. त्या लढ्यांनी पगार, महागाई भत्ता, कामाचे तास मिळवून दिले. छातीत जाणाऱ्या हवेचा प्रश्न मात्र त्या मागण्यांच्या गर्दीत मागेच राहिला. उपाशी माणूस आधी भाकर मागतो, हवा नंतर. यात दोष देण्यासारखे काही नाही. पण नोंद करण्यासारखे नक्की आहे.

कायदा आला तेव्हा

आता इतिहासातला एक विचित्र योगायोग पाहा. पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्राने देशाच्या आधी, १९६९ मध्ये कायदा केला आणि १९७० मध्ये राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल कायदा १९७४ चा. आणि त्याच १९७४ साली संसदेने आजारी कापड गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा करून देशातल्या १०३ गिरण्या ताब्यात घेतल्या. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या यादीत धुळ्याची आणि चाळीसगावची गिरणी होती. म्हणजे शंभर वर्षे धूर सोडणाऱ्या उद्योगाला जाब विचारणारा कायदा आला, तेव्हा तो उद्योग स्वतःच खाटेवर पडला होता. आजाऱ्याला कोण दंड करणार?

गिरण्या का आजारी पडल्या याची कारणे आता सर्वांना माहीत आहेत. यंत्रे जुनाट झाली आणि मालकांनी नफा नव्या यंत्रांत घातला नाही. टेरिकॉटसारखे कृत्रिम धाग्याचे कापड आले. आणि मिलपेक्षा यंत्रमागावर कापड स्वस्त पडू लागले, कारण यंत्रमागावर ना भविष्य निर्वाह निधी, ना कामगार विमा, ना संघटना. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि मुंबईच्या बंद गिरण्यांचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे अधिकच वेगाने वळले. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने ही वाट आणखी मोकळी केली. खानदेशातल्या गिरण्याही एकामागून एक शांत झाल्या. जळगावच्या गिरणीच्या जागेवर पुढे व्यापारी संकुल उभे राहिले. आजच्या मुलांना खानदेश मिल म्हणजे दुकानांचा पत्ता वाटतो.

इथपर्यंतचा इतिहास कुणीही सांगेल. आमच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर याच्या पुढच्या पानावर आहे.

गल्लीत आलेली गिरणी

गिरण्या बंद झाल्या तेव्हा त्यांचे माग नष्ट झाले नाहीत. भंगाराच्या भावात विकले गेलेले जुने माग यंत्रमागाच्या गावांनी विकत घेतले, दुरुस्त केले आणि पुन्हा चालवले. ज्या मागांवर कुणाचे बाप-दादे कामाला होते, तेच माग आता मोहल्ल्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन बसले. धुळ्यात मौलवीगंज, आझाद नगर, वडजाई रोड या भागांतून रात्री चालत गेलो तर खटखट कानावर येते ती याच इतिहासाची.

मिल आणि शेड यांत मोठा फरक आहे. मिलला एक फाटक होते, एक मालक होता, एक धुराडे होते. फाटकावर कामगार जमू शकत होते, निरीक्षक येऊ शकत होता, धुराडे कितीही उंच असले तरी बोट दाखवायला एकच होते. शेडचे तसे नाही. विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा माणसे असली की कारखाना कायदा लागू होई. पुढे महाराष्ट्राने ही मर्यादा वीसवर नेली. म्हणून एकाच छपराखालचे माग कागदोपत्री भावाच्या, बायकोच्या, मेहुण्याच्या नावावर वाटले जातात. कागदावर प्रत्येक जण छोटा, सर्व मिळून मोठे, आणि कायद्याच्या दृष्टीने कुणीच नाही. बारा बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर. नव्वद डेसिबलच्या वर आवाजात वर्षे काढलेला विणकर घरी मोठ्याने बोलतो आणि पोरांना वाटते अब्बा रागावले.

मिलमध्ये पिंजण, सूत, ताणा, कांजी, विणाई, धुलाई, रंगाई एकाच आवारात होती. आता एकेक काम एकेका गल्लीत गेले. कांड्या भरण्याचे काम घरातल्या बाया करतात. रुईचे तंतू आट्यात पडतात, झोळीतल्या बाळाच्या पापणीवर बसतात. ताण्याला कांजी लावणारे सायझिंग वेगळ्या शेडमध्ये. तिथे वाफेसाठी बॉयलर लागतो आणि बॉयलरला जळण लागते. कोळसा महाग, लाकूड महाग. मग जे स्वस्त मिळेल ते आत जाते. यंत्रमागाच्या गावांत सायझिंगच्या भट्ट्यांत टाकाऊ प्लास्टिक, जुने टायर, चपलांचे तुकडे जाळले जात असल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. आमच्या शाळेच्या खिडकीतून अशाच एका भट्टीचा नळ दिसे. दुपारच्या सुट्टीनंतर वर्गात रबर जळाल्याचा वास येई आणि पहिल्या बाकावरची मुलगी ओढणी नाकावर धरून लिहीत असे. प्लास्टिक अशा रीतीने जळते तेव्हा डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात, जी शरीरातून सहजी जात नाहीत. मिलचा धूर निदान उंचावरून सुटे आणि वाऱ्याने पांगे. हा धूर तर गच्चीच्या उंचीवरून सुटून खिडकीत शिरतो.

म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे: मिल बंद झाली नाही बेटा, तिचे तुकडे झाले. एक तुकडा तुझ्या घरात आला.

जळगावची कहाणी थोडी वेगळी, पण वळण तेच. गिरणी गेली आणि शहर डाळ मिल, पाइप, प्लास्टिकची चटई यांवर उभे राहिले. जळगावची चटई देशभर जाते. तिच्यासाठी जुने प्लास्टिक वितळवून दाणा करतात, दाण्याची पट्टी, पट्टीची वीण. विणणे सुटले नाही, फक्त कापसाच्या जागी प्लास्टिक आले. मेहरूण, तांबापुरा या वस्त्यांतली कितीतरी पोरे या कामाला जातात आणि संध्याकाळी वितळलेल्या प्लास्टिकचा वास अंगावर घेऊन घरी येतात. आणि ज्या विजेवर आमचे माग, त्यांची यंत्रे चालतात, तिच्यातल्या काही विजेची राख भुसावळजवळ दीपनगरच्या परिसरात पडते. कुणाचा ना कुणाचा उंबरा काळा होतोच.

नद्यांचे तर विचारूच नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले. त्यांत सर्वाधिक, ५३, महाराष्ट्रात. २०२२ च्या यादीत देशाचा आकडा ३११ वर आला, महाराष्ट्राचा मात्र ५५ झाला. २०१८ च्या यादीत तापी होती आणि गिरणेचा मालेगाव ते जळगाव हा पट्टा होता. हा पट्टा नकाशावर बोटाने गिरवून पाहा. वरच्या टोकाला विणकरांचे मालेगाव, खालच्या टोकाला एकेकाळी गिरणेचेच पाणी पिणारे आणि आता वाघूरवर अवलंबून असलेले जळगाव. पांझरेचे वरचे पाणी लाटीपाडा आणि अक्कलपाडा धरणांत अडते, त्यामुळे धुळे शहरात बाराही महिने वाहते ते बहुतांशी शहराचे सांडपाणी. त्यात घरांचे किती आणि कारखान्यांचे किती, हे नदीला विचारून कळत नाही.

जे जाऊ शकले आणि जे राहिले

शहर ओसरते म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण आपल्या समाजाच्या अभिमानाचे आहे. २९ डिसेंबर १९४५ ला मोहम्मद हाशिम प्रेमजी यांनी अमळनेरला वनस्पती तूप आणि तेलाची कंपनी स्थापन केली. खानदेशातला भुईमूग हा तिचा आधार. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतले शिक्षण सोडून आले आणि त्यांनी कारभार हाती घेतला. तीच कंपनी पुढे विप्रो झाली आणि संगणकाच्या जगात गेली. अमळनेरच्या ज्या साध्या माणसांनी तिचे शेअर जपून ठेवले ते श्रीमंत झाले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते, आणि ती सांगावीच. पण तिची दुसरी बाजू अशी की कंपनीचे डोके बंगळुरूला गेले. भांडवलाला पाय असतात. ते तेलावरून संगणकावर, अमळनेरहून बंगळुरूला जाऊ शकते. प्रताप मिलच्या साचेखात्यातला माणूस कुठे जाणार?

त्याची मुले मात्र जातात. सुरत, नाशिक, पुणे, आणि नशीब असेल तर आखात. धुळे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन मोठ्या रस्त्यांच्या चौकात बसलेले शहर. या चौकातून माल जातो तशीच माणसेही जातात. रेल्वेची ती १९०० सालची फांदी शंभर वर्षे फांदीच राहिली. मनमाड ते इंदूर या धुळ्यावरून जाणाऱ्या मार्गाला केंद्राने मंजुरी दिली ती २०२४ मध्ये. मागे राहतात ते म्हातारे, बाया आणि आमच्या वर्गातली मुले. २००३ मध्ये जळगाव आणि धुळे दोन्हीकडे नगरपालिकांच्या महापालिका झाल्या. पाटी मोठी झाली, गटारे तीच राहिली.

यावर कुणी म्हणेल की कापडाची गावे अशीच संपायची. मग ज्या मँचेस्टरकडे खानदेशचा कापूस गेला, त्याच्याकडे पाहावे. १८४५ मध्ये एंगेल्सने आपल्या ग्रंथात तिथल्या इर्क नदीचे जे वर्णन केले आहे ते काळ्या, घाणीने भरलेल्या नाल्याचे आहे. विसाव्या शतकात तिथल्याही गिरण्या बंद पडल्या आणि शहर ओसाड झाले. पण १९८५ मध्ये मर्सी खोऱ्यातील नद्या स्वच्छ करण्याची पंचवीस वर्षांची मोहीम तिथे सुरू झाली. सरकार, कारखानदार, शाळा, रहिवासी सगळे तिच्यात आले, आणि मेलेल्या म्हटल्या गेलेल्या नद्यांत मासे परतले. तिथे धंदा गेला आणि मागे राहिलेली घाण कुणीतरी आपली मानली. आमच्याकडे धंद्याचे तुकडे झाले, तशीच घाणीची जबाबदारीही तुकड्या-तुकड्यांत वाटली गेली, आणि शेवटी कुणाच्याच वाट्याला आली नाही.

आमचा वाटा

आता थोडे स्वतःकडे वळू. या लेखात आम्ही इंग्रज, मालक, सरकार अशी सगळ्यांची नावे घेतली. पण सायझिंगच्या शेडचा मालक कोण? बहुतेक वेळा आपलाच कुणी. जुम्म्याच्या नमाजला शेजारी उभा राहणारा, मदरशाला चंदा देणारा, लेकीच्या निकाहात मदत करणारा. तो दुष्ट नाही. त्याला सूत व्यापारी देतो, कापड व्यापारी नेतो, मधल्या मजुरीचा दरही व्यापारीच ठरवतो. दर दाबला की तो जळणावर बचत करतो. म्हणजे कुठल्याशा पेठेत कापड मीटरमागे काही पैशांनी स्वस्त मिळावे म्हणून आमची पहिल्या बाकावरची मुलगी ओढणीतून श्वास घेते. हा हिशेब त्याला समजावून सांगणे आपले काम आहे. सांडपाणी शुद्ध करण्याची सामाईक यंत्रणा, स्वच्छ जळणासाठी कर्ज, कामगार विम्याची नोंदणी, यांसाठी विणकर आणि लूममालक मिळून सरकारच्या दारात का जात नाहीत? आरक्षणावर आणि शाळांच्या अनुदानावर आपण निवेदने दिली. हवेवर किती दिली?

तक्रार करायला लोक घाबरतात हेही आम्हाला माहीत आहे. "सर, शेड बंद पडला तर खायचे काय?" असे पालक विचारतात. हा दादांच्या काळचाच प्रश्न आहे. भाकर की हवा, अशी निवड करायला लावणे हाच खरा अन्याय आहे. ती निवड आमच्या तीन पिढ्यांना करावी लागली. चौथ्या पिढीला लागू नये.

आणि नोंद ठेवावी लागेल. धुळे हे इतिहासाचार्य राजवाड्यांचे शहर. गावोगाव हिंडून, माळ्यावरची दप्तरे सोडवून त्यांनी कागद गोळा केले. १९२६ मध्ये ते इथेच वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंदिर इथे उभे राहिले. आमच्या मोहल्ल्याची दप्तरे पत्र्याच्या पेटीत आहेत. मिलचा पास, पगाराची पावती, दवाखान्याचा केसपेपर, लूमच्या मजुरीची वही. पेटी भंगारात गेली की ती जातील. म्हणून यंदा प्रदूषणाचे चित्र काढायला सांगणे आम्ही बंद केले. त्याऐवजी मुलांना सांगितले की घरातली पेटी उघडा, दादा-नाना, दादी-नानीला विचारा आणि काय सापडते ते वहीत उतरवून आणा.

ज्याने प्रश्न विचारला होता तो मुलगा आता दहावीत आहे. त्याने आणलेल्या वहीत त्याच्या आजोबांची नोकरीची वर्षे आहेत, वडिलांच्या लूमवरच्या कामाची वर्षे आहेत, आणि शेवटच्या पानावर आईच्या औषधांची नावे आहेत. खाली त्याने तारीख टाकली आहे. आम्ही ती वही जपून ठेवली आहे. आणि या वर्षापासून हजेरीपटात गैरहजेरीच्या खुणेशेजारी आम्ही कारणही लिहू लागलो आहोत. ताप, शादी, गाव, खोकला. खोकला हा शब्द आम्ही लाल शाईने लिहितो, म्हणजे उद्या कुणी विचारले तर पाने उलटून मोजता येईल.